काचबिंदूचे थेंब घालूनही प्रेशर उतरत नाही? औषध बदलण्याआधी हे तपासा

"वखद घालतां गे बाय, पूण प्रेशर देंवना." म्हणजे औषध घालते, पण प्रेशर (डोळ्याच्या आतला दाब) उतरत नाही. गोव्यात फोंड्याच्या बाजारातल्या आमच्या फार्मसीत हे वाक्य मी गेली बावीस वर्षे ऐकते आहे. ऐकले की आता मी आधी विचारते, "बाटली आणली आहे का?" बहुतेकांनी आणलेली नसते. मग घरी जाऊन घेऊन या म्हणते. कारण दोष कुठे आहे ते निम्म्या वेळा बाटलीच सांगते.

लक्षणे कशी दिसतात

डॉक्टरांनी रात्री एकदा घालायचे थेंब दिले. लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट किंवा टॅफ्लुप्रॉस्ट, यांतले एक. पहिल्या तपासणीत प्रेशर २६ वरून १७ वर आले, घरात आनंदीआनंद. सहा महिन्यांनी पुन्हा २३. (साधारण १० ते २१ हे नेहमीचे मानतात, पण तुमच्यासाठी किती हवे ते डॉक्टर डोळ्याच्या नसेची अवस्था पाहून ठरवतात. शेजारणीचा आकडा तुमच्या कामाचा नाही.)

किंवा प्रेशर दर वेळी छान येते, तरी फील्ड टेस्टच्या (नजर चहूबाजूंना किती पोहोचते त्या तपासणीच्या) कागदावरचा काळा भाग वाढतच जातो. हे रूप सगळ्यात फसवे.

किंवा बाटली पंधरा दिवसांत संपते. किंवा दोन महिने झाले तरी संपत नाही, आणि घरच्यांना त्याचे कौतुक वाटते.

किंवा डोळे लाल होतात, चुरचुरतात, म्हणून माणूस मधले चार दिवस औषध बंद ठेवतो आणि ते कोणाला सांगत नाही.

ही लक्षणे असतील तर पुढे वाचा. पण डोळा अचानक ठणकू लागला, डोके फुटेल असे वाटते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, नजर धुरकट झाली, तर इथेच थांबा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या डोळ्यांच्या इस्पितळात जा. डोळ्यातल्या पाण्याची वाट एकदम बंद झाल्यावर असे होते, आणि अशा वेळी काही तासांचा उशीरही नजर घेऊन जातो. ॲसिडिटी समजून जिरे-पाणी पीत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

औषध करते काय

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि एका बारीक जाळीतून बाहेर जाते. आपल्याकडे खाजनात (खाडीकाठच्या शेतात) मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी सोडतात तसेच. मानस गाळाने भरली की आत पाणी तुंबते. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात तेच होते, आणि त्या दाबाने मागची नस हळूहळू मरते. प्रोस्टाग्लँडिन जातीचे थेंब, म्हणजे वरची चारही औषधे, मुख्यतः मानस साफ करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते बाजूचा बांध सैल करतात आणि पाणी स्नायूंच्या फटींतून पाझरू लागते. शेतात बांध पाझरला तर कपाळाला हात लावावा लागतो, डोळ्यात मात्र तो पाझर हवाच असतो. यामुळे प्रेशर साधारण पाव ते एक तृतीयांशाने उतरते.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, थेंबाचा परिणाम तीन-चार तासांनी सुरू होतो, आठ ते बारा तासांनी सर्वांत जास्त असतो आणि दिवसभर टिकतो. म्हणून दिवसातून एकदाच. दोन, पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणणे हे पेरल्या दिवशी कणसे मोजण्यासारखे आहे.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर.

१. बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचा

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. घरात जितक्या डोळ्यांच्या बाटल्या आहेत तितक्या टेबलावर ओळीने मांडा आणि ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत जे औषधाचे नाव असते ते वाचा. नाव "प्रॉस्ट" ने संपत असेल तर औषध याच कुळातले. अशा दोन बाटल्या निघाल्या तर दोष सापडला म्हणून समजा.

म्हार्दोळच्या एका मावशींचे असेच झाले. एका डॉक्टरांनी लॅटानोप्रॉस्ट दिले होते. मुलाकडे मुंबईला गेल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बायमॅटोप्रॉस्ट दिले. खोकी वेगळी, झाकणांचे रंग वेगळे. मावशी दोन्ही नेमाने घालत होत्या, वर मला म्हणाल्या, "दोन औषधे म्हणजे दुप्पट गुण." तसे होत नाही. या कुळातली दोन औषधे एकत्र, किंवा एकच दिवसातून दोनदा घातले तर परिणाम कमी होतो, कधी प्रेशर उलट चढतेही. कोणती ठेवायची ते मी ठरवले नाही. त्यांच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला.

जोडऔषधांत हा घोटाळा आणखी लपतो. लॅटानोप्रॉस्ट आणि टिमोलॉल (काचबिंदूचेच, पण दुसऱ्या कुळातले औषध) एकाच बाटलीत मिळते. ती बाटली सुरू झाल्यावर जुनी एकटी लॅटानोप्रॉस्ट बंद करायची असते. ती बंद करायला कोणी सांगितले नाही, किंवा सांगितलेले गर्दीत ऐकू आले नाही, की दोन्ही चालू राहतात.

याच मांडामांडीत आणखी एक बाटली सापडते का पाहा. गेल्या पावसाळ्यात डोळे आले तेव्हा आणलेली. तिच्याविषयी पुढे बोलते, तूर्त बाजूला काढून ठेवा.

२. बाटली उघडली कधी?

बाटलीवर पेनाने तारीख लिहिलेली नसेल तर आजपासून लिहा. पेन टिकत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. उघडल्यानंतर किती दिवस वापरायची ते खोक्यावर असते, बहुधा चार आठवडे, काहींत सहा. त्यानंतर आत औषध उरले असले तरी बाटली टाकायची. फेकताना जीव तुटतो, माझाही तुटतो, पण रोज उघडझाप होणाऱ्या बाटलीत जंतू शिरतात.

तारीख कळली की हिशेब करता येतो. नेहमीची बाटली २.५ मिलीची. एका मिलीत साधारण ३० थेंब धरले तर पाऊणशे ते ऐंशी थेंब. दोन डोळ्यांना रोज एकेक, म्हणजे सदतीस-अडतीस रात्री, झाला तर थोडा इकडेतिकडे फरक, कारण प्रत्येक कंपनीच्या बाटलीचा थेंब सारखा नसतो. आता तुमच्या बाटलीकडे बघा. दोन डोळ्यांसाठी असलेली बाटली पंधरा दिवसांत संपत असेल तर निम्मे औषध गालावर, उशीवर आणि रुमालावर जाते आहे. आणि दोन महिने पुरत असेल तर? मला कोणाला खोटे पाडायचे नसते, म्हणून मी एवढेच म्हणते, "बाटली खूपच पुरली हो." समोरचा माणूस हसतो आणि मग खरे सांगतो.

३. फ्रीज, स्कूटरची डिकी आणि बांगडे

लॅटानोप्रॉस्टच्या बऱ्याच बाटल्या सील असताना २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतात. या कुळातली काही औषधे सील असतानाही बाहेर चालतात, म्हणून खोके वाचा. पण हे "२५ अंश" आपल्याकडे घरात मिळतात कुठे? मे महिन्यात माडाच्या सावलीतही तीसच्या वर असते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गोव्यात राहता, उघडलेली बाटलीही फ्रीजच्या दारातच ठेवा, खोक्यासकट, कारण उजेडही या औषधाला मानवत नाही.

दारात म्हटले, फ्रीझरमध्ये नव्हे. एका वहिनींनी जास्त थंड ते जास्त चांगले असे समजून बाटली बांगड्यांच्या पिशवीवर ठेवली होती. गोठलेली बाटली वितळवून वापरू नका, नवी घ्या.

खरे नुकसान वाटेत होते. आमच्याकडून बाटली घ्यायची, डिकीत टाकायची, मग मासळी बाजार, मग बँक, मग मुलीकडे चहा. दुपारच्या उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत हात घालून बघा म्हणजे कळेल. औषध शेवटी घ्या आणि थेट घरी जा. लांब जायचे असेल तर दुकानदाराकडे बर्फाची पिशवी मागा, पण बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये कागद किंवा कापड असू द्या.

पावसात दोन-तीन तास वीज गेली तर घाबरू नका, फ्रीजचे दार उघडू नका म्हणजे झाले. तारवट्यांची गोष्ट वेगळी. बोटीवर जाणारा माणूस सहा महिन्यांचे औषध एकदम नेतो. केबिनमध्ये फ्रीज नसेल तर बोटीवरच्या दवाखान्यात ठेवायला द्या, आणि एका वेळी एकच बाटली उघडा.

४. रात्री चुकतात का?

हा प्रश्न विचारताना सून, मुलगा कोणी जवळ असेल तर त्यांना चहाला पाठवा. एकट्याला विचारले की खरे उत्तर मिळते.

काचबिंदूचा वांधा असा की दुखत नाही, आणि औषध घालून दिसण्यात काही सुधारत नाही. मोतीबिंदू काढला की माणूस दुसऱ्या दिवशी पेपर वाचतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची असते. मग रोज घालून मिळते काय, असे वाटणे साहजिक आहे. मिळते ते असे: २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना लॅटानोप्रॉस्ट, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. दोन वर्षांत औषध नसलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के लोकांचे दृष्टिक्षेत्र घटले, औषधवाल्यांपैकी सुमारे १५ टक्के. मिळकत म्हणजे हा फरक. तो आरशात दिसत नाही.

चवथीत (गणेश चतुर्थीत) सगळ्यांचेच चुकते. मूळ घरी जायचे, बाटली फोंड्याच्या फ्रीजमध्ये राहते, रात्री आरत्या-भजने दोन वाजेपर्यंत. शिगम्यातही तेच, गावच्या जत्रेतही तेच. चवथीच्या पिशवीत माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या) सामानाआधी बाटली घाला असे मी दरवर्षी सांगते, दरवर्षी अर्धे लोक विसरतात आणि पंचमीला गावातून फोन करतात.

एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोनदा घालू नका, नेहमीच्या वेळी एकच घाला. झोपताना हमखास विसरत असाल तर रात्री दात घासण्याशी किंवा रक्तदाबाच्या गोळीशी वेळ जोडा. हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून वेगळी वेळ ठरवावी. रोज तीच वेळ असणे महत्त्वाचे.

आता ते फसवे रूप. प्रेशर छान, फील्ड बिघडते. तपासणीची तारीख जवळ आली की माणूस आठवडाभर निष्ठेने थेंब घालतो. डॉक्टरांना १६ दिसते, त्यांना वाटते औषध लागू पडले आहे. उरलेले तीन महिने डोळ्यात २४ असते. डॉक्टरांना खरे सांगा, रागावले तर रागावू द्या. सांगितले नाही तर ते दुसरे कारण शोधत बसतील, आणखी औषधे वाढवतील, कदाचित ऑपरेशनपर्यंत जातील. फील्ड बिघडण्याला दुसरी कारणेही असतात, तीही त्यांनाच शोधायची आहेत.

५. थेंब डोळ्यात पडतो का?

सगळ्यात जास्त दोष मला इथे सापडले आहेत.

शिरोड्याचे एक निवृत्त मास्तर. आयुष्यभर घड्याळाच्या ठोक्यावर चाललेला माणूस, थेंब चुकणे शक्यच नाही. बाटल्यांच्या तारखा चोख, फ्रीज चोख. तरी प्रेशर २४. डॉक्टरांनी दुसरे औषध जोडले, तरी तेच. मी त्यांच्या हातात डोळे ओले ठेवणाऱ्या साध्या थेंबांची बाटली दिली आणि म्हटले, "मास्तर, माझ्यासमोर घालून दाखवा." मान मागे, बाटली वर, हात थरथरतोय, आणि थेंब सुटताच डोळा गच्च मिटला. थेंब पापणीच्या केसांवर पडला आणि गालावरून ओघळला. मास्तर म्हणाले, "झाले." दोन वर्षे असेच "झाले" होत होते.

म्हणून कोणाचेही ऐकून घेऊ नका, घालताना बघा. स्वतःचे तपासायचे असेल तर नातवाला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा.

माझी रीत अशी. हात धुवा. खाटेवर आडवे व्हा. उभ्याने आरशात बघत घालण्याची हौस तरुणांना ठीक. एका बोटाने खालची पापणी खाली ओढा, तिथे एक खिसा तयार होतो. बाटली धरलेला हात कपाळावर किंवा दुसऱ्या हाताच्या मुठीवर टेकवा, म्हणजे थरथर कमी होते. छताकडे बघा, बाटलीकडे नको. टोक पापणीला, केसांना, डोळ्याला कुठेही लागू द्यायचे नाही. एक थेंब खिशात सोडा.

एकच. डोळ्याच्या खिशात एक पूर्ण थेंबसुद्धा मावत नाही, थोडा बाहेर येतोच. दुसरा घातला तर तो पहिल्याला घेऊन बाहेर पडतो. पहिला गालावर गेला अशी खात्री असेल तरच दुसरा.

मग डोळा अलगद मिटा. आवळू नका, उघडझाप करू नका. त्याने औषध पंपासारखे नाकात ढकलले जाते. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोट हलके दाबून दोन मिनिटे पडून राहा. तिथून एक नळी नाकात उतरते. थेंब घातल्यावर घशात कडू लागते असे म्हणणाऱ्यांचे औषध याच नळीतून जाते. प्रोस्टाग्लँडिनच्या बाबतीत यात औषधाची नासाडी आहे. टिमोलॉल असेल तर धोकाही आहे, कारण ते रक्तात मिसळून दम्याच्या माणसाला धाप लावू शकते, नाडी मंद करू शकते. शेवटी बाहेर आलेले औषध टिपून घ्या. पापणीवर राहू दिले तर तिथली कातडी काळवंडते.

डोळा उघडा ठेवणे जमतच नाही? मग आडवे व्हा, डोळा मिटा, नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवा आणि डोळा हळूच उघडा. थेंब आपोआप आत घरंगळतो. मास्तरांना हेच शिकवले. आणि फ्रीजमधल्या थेंबाचा एक फायदा: गार लागतो, त्यामुळे डोळ्यात पडला की गालावर ते लगेच कळते.

संधिवाताने बोटे वळत नसतील तर सुनेला, नातवाला सांगा. सांगायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. डॉक्टरांना मात्र ते कळू द्या, घालायला सोपी बाटली किंवा दुसरा उपाय त्यांना शोधता येतो.

६. दोन औषधांमध्ये अंतर किती?

काचबिंदूच्या दोन बाटल्या असतील तर दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटे, मी दहा सांगते. लागोपाठ घातली तर दुसरे पहिल्याला धुऊन काढते. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. काही बाटल्यांवर "हलवून वापरा" लिहिलेले असते, उदाहरणार्थ ब्रिंझोलामाइड. ती न हलवता वापरली तर नुसते पाणी डोळ्यात आणि औषध तळाशी. लेन्स वापरत असाल तर आधी काढा, थेंबानंतर पंधरा मिनिटांनी लावा.

७. डोळे लाल होतात म्हणून बंद केले आहे का?

लाली या औषधाच्या रक्तातच आहे. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे शरीरात सूज आणणारे रसायन, रक्तवाहिन्या फुगवणारे. बरीच वर्षे ते डोळ्याचे प्रेशर वाढवते असेच मानले जाई. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाझ्लो बिटो आणि कार्ल कॅमरस यांनी दाखवले की अगदी थोड्या मात्रेत ते प्रेशर उतरवते. त्यातून लॅटानोप्रॉस्ट निघाले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तेव्हा सुरुवातीला डोळा थोडा लाल झाला तर दचकू नका. बहुतेकांची लाली काही आठवड्यांत ओसरते.

रोज महिनोन्‌महिने चुरचुरत असेल तर दोष कधी औषधाचा नसून त्यातल्या बेंझाल्कोनियम क्लोराइड या संरक्षक रसायनाचा असतो. ते नसलेल्या बाटल्या मिळतात, महाग असतात. डॉक्टरांना विचारा. लाली घालवणारे थेंब माझ्याकडे मागू नका, मी देत नाही.

पापण्यांचे केस लांब, दाट होतात. याच गुणामुळे बायमॅटोप्रॉस्ट २००८ पासून अमेरिकेत पापण्या वाढवण्यासाठीही विकले जाते, त्यामुळे तरुण बायकांची तक्रार कमी असते. एकाच डोळ्यात औषध असेल तर मात्र दोन डोळे वेगळे दिसू लागतात. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि तो पुन्हा फिका होत नाही. आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांत ते सहसा कळत नाही. कातडीचा काळेपणा औषध बदलल्यावर हळूहळू जातो. डोळे खोल गेल्यासारखे दिसू लागले तर तेही या औषधाने होऊ शकते, डॉक्टरांना दाखवा.

८. दुसरे काय घेता?

आता बाजूला ठेवलेली ती पावसाळी बाटली घ्या. नावात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असे काही आहे? ही स्टेरॉइडे. डोळे आले की कोणीतरी शेजारी आणून देतो, दोन दिवसांत आराम पडतो, मग खाज सुटली की तीच बाटली. स्टेरॉइड मानशीत गाळ भरते. तुम्ही रात्री लॅटानोप्रॉस्टने जेवढे उतरवता, तेवढे ते दिवसा चढवते. अशी बाटली स्वतःच्या मनाने वापरू नका. ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच दिली असेल तर आपण होऊन बंदही करू नका, आपल्याला काचबिंदू आहे याची त्यांना आठवण करून द्या.

स्टेरॉइड चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये, नाकाच्या फवाऱ्यात, दम्याच्या पंपात, संधिवाताच्या गोळ्यांतही असते. पंप बंद करू नका, जीवावर बेतेल. फक्त यादी करून डोळ्याच्या डॉक्टरांना द्या. काचबिंदूच्या बंद कोनाच्या प्रकारात (पाणी जाण्याची वाट अरुंद किंवा बंद असते त्यात) सर्दीच्या काही गोळ्याही त्रास देतात, म्हणून गोळी घेण्यापूर्वी फार्मसीत काचबिंदू असल्याचे सांगत जा.

९. इथे माझे काम संपते

वरचे सगळे सुधारून चार ते सहा आठवडे नीट थेंब घातले आणि तरी प्रेशर हवे तिथे येत नाही, तर दोष घरात सापडणारा नाही. काही डोळ्यांना हे औषध फारसे लागूच पडत नाही. डॉक्टर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी प्रेशर मोजतील, कारण ते दिवसभर सारखे नसते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजतील, कारण तो जाड असला तर आकडा फुगून येतो आणि पातळ असला तर कमी दिसतो. पाणी जाण्याचा कोन उघडा आहे का ते भिंगातून पाहतील. मग कुळातले दुसरे औषध, किंवा वेगळ्या कुळातले जोडीला, किंवा लेसर, किंवा ऑपरेशन. लेसरचे नाव ऐकून पळू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सुरुवातीलाच लेसर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे प्रेशर तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होते.

पुढच्या गोष्टींत तर पहिल्या तपासणीपासूनच घरी काही करत बसू नका. लाल डोळ्यासोबत दुखणे, उजेड सहन न होणे किंवा धुरकट दिसणे: त्याच दिवशी डॉक्टर. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यात सरळ रेषा वाकड्या दिसणे, मधोमध अंधुक होणे: एक-दोन दिवसांत डॉक्टर, कारण या थेंबांनी क्वचित पडद्याला सूज येते. पूर्वी डोळ्यात नागीण किंवा आतली सूज झाली असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर औषध सुरू करण्याआधीच सांगा. टिमोलॉल सुरू झाल्यावर धाप लागली किंवा चक्कर येऊ लागली: लगेच. डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे झाले, वीज चमकल्यासारखे दिसले तर ते काचबिंदूचे नाही, तरीही लगेच.

मास्तरांचे प्रेशर दोन महिन्यांनी १७ आले आणि डॉक्टरांनी जोडलेले दुसरे औषध काढून टाकले. आता ते दर तपासणीला घरातल्या सगळ्या बाटल्या कापडी पिशवीत घालून नेतात, रिकाम्यासुद्धा. तुम्हीही तसेच न्या.